कनकलतेने दिलेले सहा गुण

सीतालक्ष्मीबाईंनी जेवणाच्या मेजावर थोरला इंग्रजी शब्दकोश उघडला, तेव्हा त्यांच्या नातीने, नित्याने, आपले ताट मांडीवर घेतले. निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या आजीला माफी मागायला चार दिवस एक शब्द सापडत नव्हता.

त्यांची धाकटी बहीण कनकलता पापनाशम गावी अर्धांगाने अंथरुणाला खिळली होती. दोघींत नऊ वर्षे अबोला होता. त्याआधी बोलणे मराठीत असले, तरी पत्रे इंग्रजीतच. तमिळ शाळेत शिकलेल्या कनकलतेला देवनागरी लिपी येत नव्हती. थोरली ती पत्रे लाल शाईने तपासून परत धाडी. एका भांडणानंतर धाकटीने ‘सॉरी’ लिहून पाठवले. तेही तपासले गेले. शेरा होता: ‘शब्द फार साधा. याहून चांगला शोध.’ त्यानंतर पत्र आले नाही.

“रिग्रेट लिही की, आज्जी.”

“ते कचेरीवाले अर्ज फेटाळताना लिहितात.”

“मग अपॉलजी?”

“मूळ ग्रीक. आपली बाजू मांडायचं भाषण. मला बाजू आहे कुठं?”

“रिमोर्स?”

“लॅटिन. पुन्हा पुन्हा चावणं.” बाईंनी वाटीतल्या कवळीकडे पाहिले. “ते मात्र चाललंय.”

शेवटी त्यांनी ‘सॉरी’चेच पान काढले. जुन्या इंग्रजीतले मूळ: दुखणे, जखम. त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी कोरा कागद ओढला.

दुसऱ्या दिवशी पापनाशमला त्यांनी तोच एक शब्द लिहिलेला कागद पुढे केला. कनकलतेने डाव्या हाताने खूण करून मुलाकडून, मुरलीकडून, लाल पेन मागवले आणि कागदावर लिहिले: दहापैकी सहा.

“सहाच?” जन्मात इतके कमी गुण न मिळालेल्या बाई म्हणाल्या.

कनकलतेची जीभ जड झाली होती. “उरलेले चार... गुरुवारी. ये, अक्का.”

बुधवारी मुरलीचा फोन आला.

दहाव्याला त्याने उशीखाली सापडलेले दोन कागद बाईंच्या हाती दिले. एक हा सहा गुणांचा, दुसरा नऊ वर्षांपूर्वीचा कनकलतेचा ‘सॉरी’, लाल शेऱ्यासकट.

घरी नित्याने पेन उघडले. “सहाचे दहा करू, आज्जी? कुणाला कळतंय?”

“तपासणारीनं दिलेत. राहू देत.”

पेन मात्र त्यांनी मागून घेतले. जुन्या कागदावरचा स्वतःचा शेरा खोडला, दहापैकी दहा दिले, खाली सही केली आणि कागद परत धाडायच्या सवयीने पाकिटात घातला. पत्ता लिहायला पाकीट उलटे केले, तेव्हा त्यांचा हात थांबला.