आठ पिवळ्या बॅगा

"या वेळी सहल होणार म्हणजे होणारच. सोमवारी सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी आपली गाडी फाटकाबाहेर असेल. नसली, तर मी मिशी काढून टाकीन."

शिट्टीसाहेबांनी ही घोषणा जेवता जेवता केली. बायकोने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. कुठल्या वर्षीच्या सोमवारी, एवढंच तिने विचारलं आणि भाजी पुढे सरकवली.

आता शिट्टीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण कारखान्यात त्यांना दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नसे, आणि हळूहळू घरातही तेच नाव रुळलं होतं. प्लॅस्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते. गळ्यात कायम शिट्टी, खिशात स्टॉपवॉच. आग लागली तर काय करायचं याचं मॉक ड्रिल ते दर महिन्याला घेत. खरी आग एकोणीस वर्षांत एकदाही लागली नव्हती, पण चारशे कामगार झोपेतून उठवले तरी ओळीने मैदानात जाऊन उभे राहतील, अशी त्यांची तयारी होती. ड्रिलचा एक नियम मात्र सगळ्यांना घाम फोडायचा. मध्येच कुठे चूक सापडली, तर शिट्टी वाजायची आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं.

हाच नियम त्यांनी घरी आणला, आणि सहलींचं वाटोळं तिथेच झालं. शाळेला वसंतात आठवडाभराची सुट्टी असे. घरापासून तासाभरावर एक मोठं तळं होतं, काठाला झाडी, पाण्यात होड्या. लांब नाही, अवघड नाही, लोक सकाळी मनात आलं की दुपारी तिथे जाऊन पोहत. शिट्टीसाहेबांचं कुटुंब तीन वर्षं तिथे जात होतं आणि अजून पोहोचलं नव्हतं. एका वर्षी गॅसची खात्री पाच वेळा करण्यात सकाळ गेली. पुढच्या वर्षी जिन्यात छत्री विसरल्याचं लक्षात आलं, मग सगळ्यांना वर नेऊन यादीचा क्रमांक एक. गेल्या वर्षी तर असं तेरा वेळा झालं आणि चौदाव्या वेळी निघाले तेव्हा सुट्टी संपली होती.

म्हणून या खेपेला बायकोने शांतपणे सांगून टाकलं होतं. ती शांतपणे बोलायला लागली की घरात सगळेच जपून वागत.

"या वर्षी निघालो नाही, तर पुढच्या वर्षीपासून मी, पोर आणि आत्या, आम्ही तिघी जाऊ. तुम्ही घरी बसा आणि याद्या करा."

शिट्टीसाहेबांनी हातातली यादी खाली ठेवली. माणूस यादीवेडा असला तरी त्याचा जीव या तिघींत अडकलेला होता. पोरगी तेराची झाली होती, अजून दोन-तीन वर्षांनी तिला बापाबरोबर तळ्यावर जायची लाज वाटणार हे त्यांना कळत होतं. आत्या बहात्तरची. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, आणि पाण्यावर उताणं पडून आभाळ बघायचं आहे एवढीच तिची मागणी. तीही ती तीन वर्षं करत होती.

तेव्हा शिट्टीसाहेबांनी ठरवलं की चूक होऊच द्यायची नाही. सहलीचंच मॉक ड्रिल घ्यायचं!

ड्रिल हुबेहूब हवं, तर सामानही हुबेहूब हवं. इथे त्यांच्या कर्तबगारीचा उपयोग झाला. कारखान्यात दर वर्षी सुरक्षा सप्ताहाचं पहिलं बक्षीस त्यांनाच मिळे, आणि बक्षीस दर वर्षी तेच असे. 'सुरक्षा प्रथम' अशी अक्षरं छापलेली पिवळीधमक बॅग. अशा आठ बॅगा माळ्यावर पडून होत्या. त्यातल्या चार खऱ्या सामानाच्या आणि चार तालमीच्या. खऱ्या बॅगा भरून झाल्यावर त्यांनी त्या बाथरूममधल्या वजनकाट्यावर तोलल्या, आणि मागच्या अंगणात पडलेल्या विटा रद्दीत गुंडाळून तालमीच्या बॅगांत तंतोतंत तेवढंच वजन भरलं. आत्याच्या बॅगेत अर्धी वीट जास्त, कारण तिच्याकडे पुस्तकं असत. मग सरमिसळ होऊ नये म्हणून खऱ्या बॅगा निजायच्या खोलीत दाराआड ठेवल्या आणि त्यांवर चादर टाकली. स्वतःच्या खऱ्या बॅगेला तर त्यांनी दोरा बांधून लाखेचं सील ठोकलं आणि वर सही केली. अधिकाऱ्याने स्वतःपासून सुरुवात करावी, असं त्यांचं मत होतं.

रविवारी दिवसभर ड्रिल चाललं. शिट्टी वाजली की दुसऱ्या मजल्यावरून खाली, डिकीत विटा, गाडीत माणसं, गल्लीला एक फेरी आणि परत. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर पहिल्या तीन वेळा हात हलवून शुभेच्छा द्यायला बाहेर आले. नंतर त्यांनी खिडकी लावून घेतली. पहिल्या फेरीला एकोणीस मिनिटं लागली, सहाव्या फेरीला बारा. शिट्टीसाहेबांचा ऊर भरून आला. उद्याही अगदी असंच, एवढं बोलून त्यांनी विटांच्या बॅगा दाराशी ओळीने मांडल्या आणि समाधानाने अंग टाकलं.

सोमवारी सकाळी अगदी तसंच झालं. सात वाजता शिट्टी वाजली. हात आपोआप चालले. शिट्टीसाहेबांनी दाराशी मांडलेल्या चारही बॅगा दोन खेपांत खाली नेल्या, डिकीत बसवल्या, डिकी लावली आणि स्टॉपवॉच धरून फाटकाशी उभे राहिले. तिघी जरा उशिरा उतरल्या. आत्याने एवढ्या उबदार हवेत जाड कोट चढवला होता, बायको थोडी गुटगुटीत दिसत होती, आणि पोरीची पाठीवरची पिशवी फुगली होती. पण सात वाजून बारा मिनिटांनी गाडी फाटकाबाहेर होती! शिट्टीसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. मागच्या सीटवर आत्या घामाने निथळत होती. कोट काढ म्हटलं तर म्हणाली, वाऱ्याचा भरवसा नाही. तिची ही सावधगिरी पाहून शिट्टीसाहेबांना घराण्याचा अभिमान वाटला.

तळ्याकाठी चार खोल्यांचं एक छोटं विश्रामगृह होतं. ते चालवणाऱ्या बाई ठेंगण्या आणि बोलक्या होत्या. त्यांनी खोली दाखवली, खिडकी उघडली, समोर पाणी चकाकत होतं. शिट्टीसाहेबांनी यादी काढली, तेविसाव्या क्रमांकावर बोट ठेवलं आणि पहिली बॅग उघडली.

आत विटा होत्या.

त्यांनी ती बॅग बंद केली आणि पुन्हा उघडली. मग दुसरी. मग तिसरी. चौथीत अर्धी वीट जास्त निघाली. रंग उडालेल्या चेहऱ्याने ते पलंगावर बसले. पोरीने दोन्ही हात गालांवर ठेवले. आत्यानेही छातीवर हात ठेवला, पण जरा उशिरा, आणि चुकीच्या बाजूला. शिट्टीसाहेबांना त्या वेळी असलं काही दिसत नव्हतं. चूक सापडली होती, आणि चूक सापडली की काय करायचं हे त्यांना एकच ठाऊक होतं. त्यांनी शिट्टी तोंडाकडे नेली. सगळे गाडीत, घरी, दुसरा मजला, क्रमांक एक.

बायकोने गाडीच्या किल्ल्या आधीच उचललेल्या होत्या.

"एक सांगा," ती म्हणाली. "आग लागली आणि माणसं सुखरूप मैदानात पोहोचली. डबे, पिशव्या आत राहिल्या. मग काय करायचं?"

"सामानासाठी मागे फिरायचं नाही," शिट्टीसाहेबांच्या तोंडून निघून गेलं. हे वाक्य त्यांनी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून कारखान्याच्या भिंतीवर लावलं होतं.

"माणसं पोहोचली आहेत," असं म्हणून बायकोने किल्ल्या पर्समध्ये टाकल्या. आत्या तोवर पाण्याच्या दिशेने चालूही लागली होती.

शिट्टीसाहेब तिच्यामागे धावले. बहात्तर वर्षांची बाई, पाणी किती खोल आहे कोण जाणे, शेवाळ असलं तर घसरेल! शेवाळ होतंच. घसरले मात्र शिट्टीसाहेब, आणि कमरेपर्यंत पाण्यात जाऊन बसले. आत्या त्यांच्या बाजूने पोहत निघून गेली आणि थोड्या अंतरावर उताणी झाली. तिथूनच तिने ओरडून सांगितलं की आभाळ छान आहे.

आता शिट्टीसाहेबांकडे अंगावरचे ओले कपडे आणि साडेबारा विटा एवढीच मालमत्ता उरली होती. विश्रामगृहाच्या बाईंनी कपाटं धुंडाळली. त्यांचे यजमान पूर्वी बँडमास्टर होते आणि आता इतके जाड झाले होते की जुने कपडे त्यांना होत नसत. शिट्टीसाहेबांच्या मापाचं कपाटात एकच निघालं. लाल कोट, सोनेरी बटणं, खांद्यांवर झालरी, आणि पँटच्या दोन्ही बाजूंना पिवळी पट्टी. पोरीने वडिलांना त्या थाटात पाहिलं आणि उशीत तोंड खुपसून ती बराच वेळ हसत राहिली. तिने त्यांना विनवलं की बाबा, निदान माझ्यापासून दहा पावलं लांब चाला.

शिट्टीसाहेब दहा पावलं लांब चालले, आणि तिथेच घोटाळा झाला. धक्क्यावर सुट्टीची ही गर्दी उसळलेली. होडीवाला एकटा, म्हातारा आणि रडकुंडीला आलेला. त्या गर्दीत लाल कोटातला, गळ्यात शिट्टी अडकवलेला एक गृहस्थ येऊन उभा राहिला. एका बाईंनी त्यांना पुढची होडी केव्हा सुटते ते विचारलं. दुसऱ्याने लहान मुलांना वेगळं तिकीट लागतं का ते विचारलं. आपला याच्याशी संबंध नाही असं शिट्टीसाहेब सांगणारच होते, इतक्यात त्यांना दिसलं की होडीत सहाजण चढलेत आणि लाइफ जॅकेट एकाच्याच अंगावर आहे, तेही उलटं.

शिट्टी वाजली.

अख्खा धक्का चिडीचूप झाला. पुढच्या दहा मिनिटांत तिथे रांग होती. अर्ध्या तासात दोन रांगा होत्या, एक चढणाऱ्यांची आणि एक उतरणाऱ्यांची. जॅकेटची क्लिप कशी लावायची ते शिट्टीसाहेबांनी करून दाखवलं, लोकांनी तसंच करून पाहिलं, आणि एक चिमुरडी चुकली तेव्हा तिला पहिल्यापासून करायला लावलं. ती खूश झाली! दुपारी होडीवाल्याने स्वतःचं स्टूल आणून त्यांच्यामागे ठेवलं. हा माणूस कोणी पाठवला हे त्याने चारही दिवस विचारलं नाही. विचारलं तर परत नेतील, अशी त्याला भीती वाटत असावी.

असे चार दिवस गेले. आत्या सकाळ-संध्याकाळ पाण्यावर तरंगली. पोरगी दुसऱ्या दिवशी पाच पावलांवर आली, आणि तिसऱ्या दिवशी नव्या मैत्रिणींना ते लाल कोटवाले माझे बाबा आहेत म्हणून सांगू लागली. बायको झाडाखाली पुस्तक घेऊन पडून राहिली. टोपी घातलीस का, पाणी प्यायलीस का, असं दर पंधरा मिनिटांनी विचारायला कोणी नव्हतं. विचारणारा दोनशे अनोळखी माणसांना विचारण्यात गुंतला होता. तिने वाचता वाचता मान वर करावी, धक्क्यावरच्या त्या झालरींकडे पाहावं आणि पोट धरून हसावं. शिट्टीसाहेबांना ते लांबून दिसे. इतकी हसलेली त्यांनी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती आणि त्यांना फार बरं वाटे. कमतरता एकच होती. काठावरच्या एकुलत्या दुकानात फुगे होते, टोप्या होत्या, पण दात घासायचा ब्रश नव्हता, आणि शिट्टीसाहेब चार दिवस बोटाने दात घासत होते.

घरी परतल्यावर त्यांनी निजायच्या खोलीत जाऊन चादर ओढली. चार बॅगा होत्या. पण तीन उघड्या होत्या, आतले कपडे उसकटलेले. शिट्टीसाहेब खाली बसले आणि अपघाताच्या जागेची करतात तशी बारीक पाहणी करू लागले. आत्याचा कोट त्यांच्या डोळ्यांसमोर आला. मग बायकोचा गुटगुटीतपणा आला. तो पहिल्या दिवसानंतर कुठे गेला होता? मग पोरीची फुगलेली पिशवी. मग हेही आठवलं की या तिघींना रोज नवे कपडे होते आणि आत्याला पोहण्याचा पोशाखसुद्धा होता.

त्यांनी वळून पाहिलं. तिघी दारात उभ्या होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

बायकोने मान डोलावली. शिट्टीसाहेब विटा घेऊन खाली गेल्यावर खोलीचं दार लावताना तिला चादर दिसली होती. हातात तीन मिनिटं होती. मिळेल ते अंगावर चढवलं, उरलेलं पर्समध्ये कोंबलं.

"सांगितलं असतं, तर तुम्ही क्रमांक एकपासून सुरू केलं असतं," ती म्हणाली. "आणि मिशी गेली असती ती वेगळीच."

शिट्टीसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. नाकातून हसू फुटायला लागलं होतं ते त्यांनी कसंबसं दाबलं. पण एक गोष्ट मनाला लागली होती. तिघींचे ब्रश घेतले, कपडे घेतले, आत्याची पुस्तकंसुद्धा घेतली. मग माझा एक ब्रश घ्यायला काय झालं होतं?

आत्याने चौथ्या बॅगेकडे बोट दाखवलं. लाखेचं सील शाबूत होतं. खाली त्यांच्याच अक्षरात, दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं: माझ्या सहीशिवाय कोणीही उघडू नये.