जीभ बाहेर, पेशंट आत

आईला बरं करायचं माझ्यावर सोडा, असं मी घरात ठणकावून सांगितलं होतं! महिनाभर तिच्या छातीत धडधड होत होती, झोप उडाली होती. हृदय तपासलं, ते ठणठणीत निघालं. "काळजीनं होतंय," आमचे डॉक्टर म्हणाले. मग मी गंगापूर रोडवरचं चिनी ॲक्युपंक्चरचं क्लिनिक शोधलं, नांदगावहून आईला बोलावलं आणि स्कूटरवरून थेट तिथं नेलं.

फॉर्म मीच भरला. घाईत नावाच्या रकान्यात स्वतःचंच नाव ठोकलं! "धनराज, आत या," अशी हाक आली तेव्हा वाटलं, नातेवाइकाशी आधी बोलायचं असेल.

"जीभ बाहेर काढा," डॉ. मनीषा म्हणाल्या.

"अहो, पेशंट..."

"बोलू नका. बाहेर!"

जीभ बाहेर ठेवून 'पेशंट माझी आई आहे' एवढं म्हणून बघा! त्यांनी माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवली, सतार जुळवावी तशी.

"झोपेत दात खाता?"

"हो..."

"कुलूप लागलं का बघायला जिना परत चढता?"

"दोनदा."

बाईंना कळलं कसं! "चिनी वैद्यक मन आणि शरीर वेगळं धरत नाही," त्या म्हणाल्या. "अति विचार प्लीहेला शिणवतो, भीती मूत्रपिंडाला, असं ते मानतं. घरच्या डॉक्टरांची औषधं मात्र सोडायची नाहीत हं." मी इतका भारावलो की भुवयांमध्ये, मनगटांत, कानांत सुया गेल्या तेव्हाच भानावर आलो! आणि खरं सांगतो, दहा मिनिटांत कानापर्यंत चढलेले खांदे जागेवर आले. वा!

तेवढ्यात रस्त्यावरून भोंगा वाजला. "पांढऱ्या स्कूटरवाले! गाडी उचलतोय!"

मी धावलो. मागून डॉक्टर ओरडतायत, "अहो, सुया!"

बाहेर बघतो तर आई पदर खोचून स्कूटरवर ठाण मांडून बसलेली! "उचला माझ्यासकट! नांदगावला नेऊन सोडा. एस्टीत जागाच मिळत नाय!"

टोइंगवाला घामाघूम. त्यात त्याला कपाळात सुई खोचलेला मी दिसलो. "आई गं!" म्हणून त्यानं आपल्या टेम्पोत उडी मारली आणि टेम्पो सुसाट!

डॉक्टरांनी आधी माझ्या सुया काढल्या, मग मला झापलं. सगळा घोळ ऐकल्यावर त्यांनी आईचा हात हातात घेतला आणि मनगटावर तीन बोटं ठेवली.

"आजी, नाडी तर छान आहे. धडधड कधी होते?"

"ह्याचा फोन आला का! दिसातून अकरा येळा इचारतो, 'आई, बरी आहेस ना? नक्की ना?' मंग मलाच वाटतं, आपल्याला कायतरी झालंय!"

डॉक्टर इतकं गोड हसल्या की मला रागावताही येईना.

मंगळवारी मला परत बोलावलंय. पेशंटसोबत एक खंबीर माणूस हवं म्हणाल्या, म्हणून आई येणार आहे.