खाडीच्या अलीकडचा खजूर

"किल्ला खाली ठेव!"

इक्बालकाकांकडे मी पहिल्यांदाच जेवायला बसले होते आणि फक्त मिठाची बाटली उचलली होती. ती हातातून निसटलीच. बाबांचा घास तोंडाशी थांबला. काकांनी बाटली होती तिथेच पुन्हा उभी केली. "चारशे वर्षांत कुणाला जिंकता आला नाही. हिने एका हाताने उचलला!"

काका बाबांबरोबर आखातात, रुवैसच्या रिफायनरीत होते आणि आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. त्यांचं गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाच्या तालुक्यात. दर शुक्रवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर तो तालुका मांडला जायचा. कालवणाचं पातेलं म्हणजे खाडी, पाण्याचा जग म्हणजे दीपस्तंभ. "आधी इतिहास, मग जेवण," हा नियम. एक ठिकाण संपलं की टेबलावर टिचकी मारायचे, "खलास. यल्ला, पुढे."

"अहो, तुमची खाडी गार झाली," शमीमकाकी आतून ओरडायच्या. "आणा इकडे, भरती आणते गॅसवर."

काका पातेल्याच्या पलीकडे बसायचे. अलीकडे, आमच्या बाजूला, एक खजूर ठेवलेला असे. तो कुणी खायचा नाही. तो राणीचा चौथरा. काका सांगायचे, राजपुत्र पलीकडच्या तीरावर शिकायला, दर शनिवारी तरीतून, म्हणजे होडीतून, घरी यायचा. राणी दुपारपासूनच चौथऱ्यावर वाट बघत बसायची.

मला शाळेत इतिहास म्हणजे राजघराणी पाठ करणं एवढंच शिकवलेलं. एकदा धीर करून विचारलं, "काका, राणी कुठल्या डायनेस्टीची?"

काका बाबांकडे वळले. "भाई, फी कसली भरता हो तुम्ही?"

त्यानंतर कित्येक शुक्रवार मी तोंड उघडलं ते जेवायलाच.

मग माझ्या मामाची बदली नेमकी त्याच तालुक्यात झाली आणि सुट्टीत मी तिकडे निघाले. इंडियाला कुणी निघालं की आमच्या बिल्डिंगमधून गावी पोचवायला साबण, दूध पावडर, अत्तरं यायची. काकांनी काहीच दिलं नाही. "चौथरा आहे का, तेवढं बघून ये. फोटो काढ."

"तुम्हीच जा की."

काकी हळूच म्हणाल्या, "दर वर्षी लीव्ह मंजूर होते गं. हेच कॅन्सल करतात."

तिथे पोचल्यावर मी हादरलेच. जन्मात न पाहिलेल्या गावात मामाला वळणं मी सांगत होते. किल्ला, दीपस्तंभ, सगळं टेबलावर होतं तिथेच. फक्त खाडीवर पूल होता आणि पुलाच्या तोंडाशी एक म्हातारा कोकम सरबत विकत होता. पूर्वी इथली होडी तोच चालवायचा, असं मामा म्हणाला. मी त्याला राणीचा चौथरा विचारला.

"राणी? कसली राणी?" तो हसत सुटला. "हितं एकच चौथरा होता, तो गेला पुलाच्या रस्त्यात. इक्बालची आय बसायची त्यावर. पोरगा पलीकडं हायस्कुलात, शनवारी माझ्या तरीतनं यायचा. तो आखातात गेला तरी म्हातारी दर शनवारी हजर! मी म्हणायचो, अगे, तो आता विमानानं येणार. तर म्हणायची, विमानातनं उतरला तरी खाडी कशी ओलांडील?" मग त्याचं हसू ओसरलं. "ती गेली तेव्हा त्याला पोचता नाय आलं."

सरबताचा ग्लास मी खाली ठेवला. मी पुलाचा फोटो काढला.

परतल्यावरच्या शुक्रवारी टेबल मांडलेलं होतं.

"किल्ला?"

"आहे."

"दीपस्तंभ?"

"नवीन रंग दिलाय."

"आणि?"

कॅमेऱ्यातला रोल संपला, असं सांगायचं मी विमानातच ठरवलं होतं. पण काका माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर खजुरावर होती.

"काका, होडी बंद झाली. पूल झालाय," मी फोटो पुढे सरकवला. "चौथरा त्या रस्त्यात गेला. तरीवाले भेटले. त्यांनी राणीचं सांगितलं."

काकी पोळ्यांचा डबा घेऊन दारातच थांबल्या. मला वाटलं, आता काका ओरडणार. काका बराच वेळ फोटो बघत राहिले. मग त्यांनी पळी उचलली, पातेल्यावर आडवी ठेवली, आणि आमच्या बाजूचा खजूर पळीवरून अलगद पलीकडे नेऊन स्वतःच्या ताटाशी ठेवला.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता तिला थांबायला नको."

त्यांनी भाताचं भांडं पुढे ओढलं.

"मीठ दे गं जरा."

मी श्वास रोखून किल्ला उचलला. कुणी ओरडलं नाही.