जुन्या बिळांवर सारवण

सारवावं तर सुभद्रानं! हे मी म्हणत नाही, सुरतेजवळचं आमचं सगळं कोसाड गाव म्हणतं. (म्हणजे, आधी मी म्हणते, मग कोसाड म्हणतं.) माझ्या हातची जमीन अशी, की माशी बसली तर घसरून पडेल!

शहाण्णव साल होतं. कोसाडच्या पुढं, तापीकाठच्या टेकाडावर उत्खनन चाललं होतं. मी आणि शेजारची शांताबाई तिथं माती उपसायला जायचो. कामावर मुख्य योगिताताई. नागपूरकडची, अंगानं काडी, पण जिद्द पहारीची! खोल चौकोनी खड्डा आणि त्याच्या एका भिंतीत गोल गोल बिळं. काही मातीनं भरलेली, काही पोकळ. नवी नवरी आरशाकडे बघते तशी ताई त्या भिंतीकडे बघायची.

"मावशी, ही फार जुनी बिळं. जनावर बीळ सोडून गेलं, मग वरची माती आत भरली आणि घट्ट झाली. बीळ ज्या थरांतून खाली उतरलंय, ते थर बिळाच्या आधीचे. त्यांतल्या खापरांचं वय ठरवायला हाच पुरावा."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं!

एका संध्याकाळी ताई म्हणाली, "उद्या बडोद्याहून भाईदास सर येतायत. त्यांना बिळं पटली तर काम चालू, नाहीतर खड्डा बुजवायचा. मी त्यांना आणायला स्टेशनवर जाईन. तुम्ही भिंत तेवढी स्वच्छ करून ठेवा."

सकाळी शांताबाईनं भिंत बघून कपाळाला हात लावला. "अवं माय! ही भित शे का चाळणी?"

खरंच होतं तिचं. दोन वर्षांपूर्वी सुरतेत प्लेग आला, तेव्हापासून आम्ही बीळ दिसलं की आधी ते बुजवायचो, मग चूल पेटवायचो. त्यात पाहुणा बडोद्याचा! बिळांत विटांचे तुकडे ठोकले, चिखल थापला, वरून शेणाचा हात फिरवला. शांताबाईनं चुन्याची बोटं ओढली. खड्डा असा सजला, की आत लग्न लावावं!

जीप आली. ताई पुढं धावत आली आणि थबकली.

"मावशी... भिंत कुठाय?"

"ही काय तुमच्यापुढं!"

"आणि बिळं?"

"औषधालासुद्धा ठेवलं नाही!"

ताई मातीच्या टोपलीत मटकन बसली. "मावशी, चार वर्षांचं काम होतं हो माझं..."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

"शांते, सरांना चहा दे! संपला की पुन्हा दे!" मी पदर खोचून खरवडायला लागले. पण ओलं शेण! जितकं पुसावं तितकं पसरतंय! शेवटी चहाला कंटाळून सर खाली उतरलेच.

"आ शुं छे?" त्यांनी भिंतीला बोट लावलं, वास घेतला. मग मराठीत म्हणाले, "योगिता, हा थर कोणत्या काळातला?"

ताईच्या आधी मीच म्हणाले, "सकाळचा, साहेब."

"तुम्ही केलंत?"

"मग! पाहुणे येणार आणि भिंतीत उंदरांची बिळं? लोक काय म्हणतील!"

सर आधी लाल झाले. मग असे हसले, की चष्मा चिखलात पडला! "अगं योगिता, रडतेस काय? बीळ काय भिंतीवर चिकटवलेलं असतं? ते आत जातं. वीतभर आत तासा!"

सगळेच भिडलो. सरांनीही बाह्या सारल्या. दुपारपर्यंत भिंत वीतभर मागं सरली आणि पिवळ्या मातीत काळ्या मातीनं भरलेलं आख्खं बीळ उघडं पडलं. वरच्या काळ्या थरातून थेट खाली, जेवून पसरलेल्या अजगरासारखं!

"कालपर्यंत नुसता गोल दिसत होता! आता उभं दिसतंय, उभं!" ताईनं चिखलाच्या हातांनी मला मिठी मारली.

"पटलं," सर म्हणाले. "काम चालू राहील."

मी पदर सावरून पुढं झाले. शेवटी भिंत सारवली होती कुणी?

"फक्त एक अट," सर माझ्याकडे बघत म्हणाले. "या मावशींचा हात पुन्हा भिंतीला लागता कामा नये."

तेव्हापासून माझ्याकडे चहाचं खातं. चुलीपुढं हातभर जागा सारवते तेवढीच. तीसुद्धा ताईला विचारून!