ऐंशी टक्के सारखी स्थळं

हेमाताई पेंडशांच्या वधू-वर सूचक केंद्रातला कॉम्प्युटर ऐन मेळाव्याच्या आठवड्यात रुसला. बंद पडला असता तर निदान निकाल तरी लागला असता. हा चालू राहून छळत होता. एखाद्या मुलीची माहिती उघडायला सांगितली की तो विचारात पडे, आणि समोर बसलेले मुलाचे आईवडील तोवर चहा संपवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागत. त्यात लिहायच्या सॉफ्टवेअरची फुकट वापरायची मुदत संपली होती आणि ते आता उघडपणे पैसे मागत होतं.

शनिवार पेठेतलं हे केंद्र हेमाताईंचं. यजमान श्यामसुंदरराव दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्त माणसाला घरातलं एखादं तरी खातं हवं असतं, म्हणून त्यांनी कॉम्प्युटर आपल्याकडे घेतला होता.

"पैसे द्यायचे नाहीत," ते म्हणाले. "सगळं फुकट मिळतं. निवडता आलं पाहिजे."

"फुकट म्हणजे 'आमच्या काही अपेक्षा नाहीत' म्हणणारं स्थळ," हेमाताई म्हणाल्या. "काय ते लग्न झाल्यावर कळतं. रविवारी मेळावा आहे, एवढं ध्यानात ठेवा."

हे त्यांनी उगीच बजावलं नव्हतं. मेळाव्यात सगळी स्थळं पडद्यावर दाखवायची होती आणि त्यात त्यांच्या मुलीचं, कादंबरीचंही होतं. कादंबरी चौतीस वर्षांची, कॉलेजात भूगोल शिकवणारी. अर्ध्या पुण्याची लग्नं जमवणाऱ्या बाईला लोक जिन्यात गाठून विचारत, "आणि तुमच्या घरचं काय?" त्या प्रश्नानं हेमाताई पार विटल्या होत्या. यंदा कोथरूडचा अभिनव आईला घेऊन येणार होता. मुलगा इंजिनिअर, उंची बरोबर, आईचा आवाज फोनवर तरी मऊ. हे स्थळ हेमाताईंना हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

श्यामसुंदररावांनी सॉफ्टवेअरची चौकशी सुरू केली ती केंद्राच्याच रिवाजानं. मूळ कुठलं, किती वर्षं नांदतंय, शेजारीपाजारी काय म्हणतात. लिहिण्यासाठी त्यांनी लिब्रे ऑफिस पसंत केलं. बऱ्या घरचं, मराठी येणारं, मागे तगादा न लावणारं. फोटो बघायला एक साधंसं, कामापुरतं बोलणारं घेतलं. इथे ते थांबले असते तर सगळं सुखरूप पार पडलं असतं. पण फुकट मिळतंय म्हटल्यावर पुणेकर थांबत नाही.

त्यांनी 'नीटनेटका' नावाचं आणखी एक उतरवून घेतलं. एकाच फायलीच्या दोन-दोन प्रती शोधायच्या, जादाच्या काढून टाकायच्या आणि जागा मोकळी करायची, एवढंच त्याचं काम. त्यानं सुरुवातीलाच विचारलं, किती टक्के सारखेपणा धरू? शंभर टक्के सारखं जगात काही नसतं, असा श्यामसुंदररावांनी विचार केला. छत्तीसांत अठरा गुण जुळले तरी आपण मांडव घालतो. त्यांनी ऐंशी टक्के ठरवले आणि वर स्वतःच्या कडकपणाबद्दल समाधान मानलं. 'नीटनेटका'नं घटकाभर गुरगुर केली आणि जादाच्या प्रती बाजूला काढल्या. कायमच्या घालवू का, असं विचारल्यावर श्यामसुंदररावांनी हो म्हटलं. कॉम्प्युटर खरोखरच पळायला लागला.

दुपारी हेमाताई पडद्यासमोर बसल्या आणि बसूनच राहिल्या.

"अहो, स्थळं कुठायत?"

"जागा मोकळी केली."

"ती दिसतेच आहे. मुलांतला एक उरलाय आणि मुलींतली एक. बाकीच्यांना कुठे पाठवलंत?"

यंत्राला दोष देण्यात अर्थ नव्हता. आलेली प्रत्येक माहिती हेमाताई आपल्या ठरलेल्या साच्यात बसवत. मुलगा मनमिळाऊ, निर्व्यसनी, कुटुंबवत्सल. मुलगी सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष. दोघांनाही वाचन, संगीत आणि प्रवासाची आवड. नाव, शिक्षण आणि उंची सोडली तर सगळं तेच. 'नीटनेटका'नं एक नमुना ठेवून बाकीच्यांना नकला ठरवलं होतं. फोटो तेवढे वाचले, कारण चेहरे निराळे होते. कागदी अर्ज तर श्यामसुंदररावांनी मागेच रद्दीत घातले होते.

हेमाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "रविवारी मी पडद्यावर काय दाखवू?"

आपलं चुकलं, हे वाक्य श्यामसुंदररावांच्या तोंडात बसत नसे. "माझी निवड चुकलेली नाही," ते म्हणाले. "तुझी स्थळंच सारखी होती. मी सगळ्यांना फोन करतो आणि नव्यानं लिहून घेतो. आणि ह्या वेळी दुसऱ्या कोणाकडे नसेल असं लिहून घेतो."

नंबर हेमाताईंच्या वहीत होते आणि फोन हा त्यांचा प्रांत. त्यांनी पहिला लावला तो बँकेतल्या यज्ञेश्वरला.

"निर्व्यसनी, मनमिळाऊ," यज्ञेश्वर पाठ म्हणू लागला.

"ते झालं. तुमचं असं काहीतरी सांगा."

यज्ञेश्वरनं आवाज खाली आणला. "काका, मी रविवारी दुपारी एक ते चार कोणाशी बोलत नाही."

"उत्तम. लिहिलं."

आयटीतली सलोनी म्हणाली, "पोळ्या येत नाहीत आणि शिकायच्या पण नाहीत. पण कसब्यातल्या गल्लीतून गाडी रिव्हर्स घेऊन दाखवते." तेही लिहिलं. एका मुलाची आईच फोनवर आली आणि 'कुटुंबवत्सल' सांगू लागली. श्यामसुंदररावांनी तिला मुलाकडे फोन द्यायला लावला, तेव्हा तो हळूच म्हणाला, "वेगळं राहायचंय." शनिवारपर्यंत त्यांचा कान लाल झाला, पण यादी भरली. राहिली फक्त कादंबरी.

ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती.

"आता तुझं सांग."

"आईनं लिहिलंय की, बाबा."

"ते गेलं. वेगळं काहीतरी हवंय."

कादंबरीनं एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले. "वेगळं म्हणजे, मला लग्न करायचं नाही."

"हे कोणाकडेच नाही," असं म्हणत श्यामसुंदरराव खुशीत गेले आणि टाइप करून मोकळे झाले. आपण काय लिहिलं ते त्यांना लिहून झाल्यावर समजलं. खोडायला हात पुढे झालाही. पण तिच्यासाठी स्थळं बघायला लागल्यापासूनच्या सहा वर्षांत मुलगी आपल्याशी एवढं सरळ कधी बोलली नव्हती, आणि ते पुसायचं त्यांच्या जिवावर आलं. हेमाताईंना सांगायचं तर त्याहून जिवावर आलं.

रविवारी हॉल भरला. एरवी पडद्याकडे बघून जांभया देणारी मंडळी खुर्चीत पुढे सरकून वाचत होती. यज्ञेश्वरच्या एक ते चारवर टाळ्या पडल्या. दोन मुलींनी त्याचा नंबर टिपून घेतला, कारण त्यांनाही दुपारी झोप लागायची. हेमाताई माईकवर फुलून आल्या होत्या. मग पडद्यावर कादंबरीचा फोटो आला. खाली लिहिलं होतं: भूगोलाची प्राध्यापिका. लग्न करायचं नाही.

पहिल्या रांगेत अभिनवच्या आईनं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं.

"ही माझी मुलगी," हेमाताई माईकवर म्हणाल्या. "मला हे आत्ता तुमच्याबरोबरच कळतंय. पुढचं स्थळ घ्या."

घरी आल्यावर त्यांनी पर्स टेबलावर ठेवली आणि कादंबरीसमोर बसल्या.

"सहा वर्षं बोलली का नाहीस?"

"तू दर वेळी विचारायचीस, मुलगा कसा वाटला," कादंबरी म्हणाली. "लग्न करायचंय का, असं कधीच विचारलं नाहीस."

हेमाताईंना वाईट वाटलं. रागही आला होता, पण तो नेमका कोणावर काढावा हे ठरेना, म्हणून त्या श्यामसुंदररावांवर काढून मोकळ्या झाल्या.

सोमवारी सकाळी अभिनवच्या आईचा फोन आला. आता ही बाई काय सुनावते, म्हणून हेमाताईंनी श्यामसुंदररावांनाही जवळ बोलावलं.

"तुमच्या मिस्टरांना आमच्याकडे पाठवाल का?" अभिनवची आई दबक्या आवाजात म्हणाली. "परवा फोनवर अभिनवची माहिती मीच सांगून टाकली होती, तो घरात नव्हता. काल घरी आल्यापासून तो बोलत नाहीये. त्यांनी विचारलं की मुलं खरं सांगतात म्हणे."

"पाठवते," हेमाताई म्हणाल्या. "पण लग्न करायचंय का, ते आधी तुम्हीच विचारून बघा. मला फार उशीर झाला."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"तर मग चहाला या," हेमाताई म्हणाल्या. "लोकांना काय सांगायचं, ते आपण दोघी मिळून ठरवू. मला एकटीला अजून काही सुचलेलं नाही."