खोकीला जामीन मिळाला

"आज कर्ज मंजूर झाल्याशिवाय बँकेतून उठत नाही. खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवलं तर गोष्ट वेगळी!" असं आम्हाला ऐकवून आपली खोकी तरातरा निघाली.

खोकी म्हणजे पुठ्ठ्याची खोकी बनवणारी. बुटांची, केकची, म्हणाल त्याची! चपलांच्या दुकानदाराने तिला वर्षभराचं काम कबूल केलं होतं, पण कापायचं मशीन घेतलं तरच. मशीनला कर्ज हवं, कर्जाला जामीन हवा. जामीन राहता का, विचारल्याबरोबर मामाची कंबर धरली. काका तर "हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही" करत फोनमधून जे गायब झाले ते झालेच! घरात आत्या आणि ती, दोघीच. पण आत्याला तिने यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर आत्या हातातल्या बांगड्या उतरवून मोकळी झाली असती.

बँकेत खोकी अशी ठाण मांडून बसली, की शिपाई तिला वळसा घालून झाडू मारून गेला. शेवटी साहेबांनीच बोलावलं. छोट्या धंद्यांसाठी सरकारी योजना आहे म्हणाले, नातेवाईक नकोत, सरकारच जामीन राहतं. फक्त धंदा खरंच चालतो का, ते आत्ता येऊन बघावं लागेल.

खोकीने आत्याला फोन लावला. मागे काउंटरवर हा कल्ला!

"आत्या, मी अजून आतच आहे. पण जामीन मिळाला! सरकारी! आता साहेबांना घेऊन घरी येते. त्यांना माल आणि हत्यारं बघायचीत."

आणि फोन कट.

आता सांगा, आत्याच्या जागी तुम्ही काय केलं असतं? आत्याने पदर खोचला. पोरीने काय उद्योग केलेत ते मागाहून बघू, आधी तिला वाचवू! सुऱ्या, कात्र्या गेल्या खालच्या शिंप्याकडे. डिंकाची बादली इस्त्रीवाल्याकडे. तयार खोकी बिऱ्हाडाबिऱ्हाडांत, पलंगांखाली!

खोकी साहेबांना घेऊन दारात आली, तर खोली धुतल्या तांदळासारखी!

"धंदा कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"कसला धंदा, साहेब? आमच्या घरात साधी टाचणी सापडायची नाही," आत्या म्हणाली.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. पण हटेल ती खोकी कसली! ती दार अडवून उभी राहिली. भिंतीवरच्या कॅलेंडरचा पुठ्ठा ओरबाडला, नखाने घड्या पाडल्या, दातांनी कोपरे तोडले आणि उभ्या उभ्या खोकं करून साहेबांच्या हातात ठेवलं.

तेवढ्यात शिंपी धापा टाकत वर आला. "आत्या, तुमची हत्यारं तुम्हीच सांभाळा. मला पोलिसांच्या भानगडीत पडायचं नाही." त्याच्यामागे डिंकाची बादली आली, आणि मग खोक्यांची अशी रांग लागली, की शेवटी साहेबांना जिन्यात उभं राहावं लागलं!

टोपण पुन्हा निघालं. "काम पक्कं आहे," म्हणत साहेब लिहायला लागले.

आत्याला अजून काही उमगलं नव्हतं. "म्हणजे हिला सोडताय ना?"

"सोडतो कसलं? आता पाच वर्षं."

आत्याने खोकीला मागे ओढलं. "पाच वर्षं?"

"नीट वागली, हप्ते वेळेवर दिले, तर आधीही मोकळी होईल."

हप्ते म्हटल्यावर मात्र आत्याच्या जिवात जीव आला. तिने दार लोटून घेतलं, हातातल्या बांगड्या उतरवल्या आणि हळूच विचारलं, "तुमच्याकडेच द्यायचा, की वरच्या साहेबांचा वेगळा असतो?"