दोन नंबरचा पत्रा

विलायती रोगण फासलं की लोखंड गंजत नाही, असं डब्यावर छापलेलं होतं. आणि छापलेलंही खोटं असू शकतं, हे साहेबाच्या कचेरीत कुणी शिकलंच नव्हतं. साहेबानं ठाण्याच्या खाडीकाठच्या मिठागरात दोन पत्रे टांगायला लावले. एक नंबरला पाण्यासारखं पारदर्शक रोगण, दोन नंबर तुलनेसाठी उघडा. पावसाळाभर देखरेख कारकून गोविंदपंतांकडे. अहवाल मनासारखा आला, तर अव्वल कारकुनाची जागा त्यांचीच होती.

पंतांना खाडीचा वास सोसत नसे. म्हणून त्यांनी देखरेख घरच्या झोपाळ्यावरून केली आणि दर महिन्याला लिहिलं, 'रोगण उत्तम. उघडा पत्रा गंजला.' दिवाळीच्या तोंडावर साहेब पाहणीला येणार, म्हणून आदल्या दिवशी ते मिठागरात गेले. एक नंबरचं रोगण पोपडे धरून सुटलं होतं, खाली तांबडा गंज. दोन नंबर मात्र लखलखत होता.

"हे काय रे, काळुराम?" पंतांनी मिठागर राखणाऱ्या आणि कोठाराची लोखंडी दारं पुसणाऱ्या रखवालदाराला विचारलं.

"त्याचे अंगाव काय नव्हता, पंत. मना दया आली. रोज मुशीचा तेल चोललाय."

"मुशी? म्हणजे मासा?"

"हां. पान्यातले आमचे होरीचा नांगर असाच राखताव."

पत्र्यापेक्षा पंतांचं डोकंच जास्त गंजलेलं होतं, तरी एवढं त्यांना सुचलं. त्यांनी एक नंबरचे उरलेले पोपडे खरवडून काढले आणि दोन्ही पत्र्यांवरच्या नंबरांच्या चिठ्ठ्या बदलल्या.

साहेब खूश झाला. चकचकीत पत्रा त्यानं हुंगून पाहिला. "ये बू कैसा?"

"असली रोगन की यही पहचान है, साहब."

पंत तिथल्या तिथे अव्वल कारकून झाले. मिठाच्या कोठाराच्या बाराही लोखंडी दारांना रोगण लावायचं ठरलं. दार गंजलं तर जबाबदार पंत. शिवाय रोगण इतकं पक्कं असताना लोखंड पुसणारा माणूस कशाला, असं म्हणून साहेबानं काळुरामला काढून टाकलं. त्यानं दारांना पुन्हा हात लावायचा नाही, अशा हुकुमावर पंतांनी सही ठोकली. ज्याच्या तेलावर बढती मिळाली, त्याचीच भाकरी गेली, याची त्यांना लाज वाटली नाही. वाटायला ती मुळात असावी लागते.

पुढल्या आषाढात बाराही दारांचं रोगण सुटलं. चार दिवसांत साहेब येणार होता. पंत चिखल तुडवत काळुरामच्या दारात गेले.

"काळुराम, तेल घे आणि उद्यापासून चोळायला ये."

"तेल न्या की. पन मना दारांना हात लावाची मनाई हाय. कागदाव तुमचीच सही हाय ना?" काळुरामनं बुधला पुढे सरकवला. "आन फरक्यानं बसत नाय, पंत. तलहातानं चोलायचा."

दुसऱ्या दिवशी पंत स्वतःच तळहातानं चोळायला लागले; पहिलं दार होईपर्यंत दुपार झाली. अजून अकरा राहिली होती.